वऱ्हाडीत लिहिलेली गोष्ट वाचली, लोक हसले. तेव्हापासून हात चालत नाही

घाटाखालची यांचा प्रश्न

नमस्कार. मी बुलडाणा जिल्ह्यात एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. बाहेरच्या लोकांसाठी सांगते, अजिंठ्याच्या डोंगरानं आमच्या जिल्ह्याचे दोन भाग केलेत. चिखली, मेहकर घाटावर आणि खामगाव, शेगाव, संग्रामपूर घाटाखाली. माझं माहेर वरचं, सासर आणि नोकरी खालची. लिहायचा नाद शाळेपासून आहे. लग्नानंतर सुटला होता, पोरं मोठी झाल्यावर परत लागला. लसीकरण, गृहभेटी, रजिस्टरं, ऑनलाइन नोंदी हे सगळं आवरून रात्री जो वेळ उरतो त्यात लिहिते.

मी एका दाईची गोष्ट लिहिली आहे. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, पुढे गरोदर बायांसाठी १०२ ची गाडी आली आणि बाळंतपणं घरातून दवाखान्यात गेली. हे फार चांगलं झालं. त्यात माझ्यासारख्या पुष्कळ जणींचे कष्ट आहेत आणि त्याचा मला अभिमान आहे. पण जिच्या हातावर अर्धं गाव जन्मलं त्या बाईचं काय झालं, हे कुठल्याच नोंदीत येत नाही. माझ्या गोष्टीतली दाई लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या ओट्यावर येऊन बसते. तिला कुणी बोलावलेलं नसतं, कुणी उठवतही नाही. आलेल्या प्रत्येक बाळाच्या टाळूला ती हात लावून पाहते आणि आईला एखादं वाक्य बोलते. गोष्ट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तीच सांगते, आणि ती सांगते म्हणून सगळी गोष्ट वऱ्हाडीत आहे. पहिली ओळ अशी:

"माह्या हातानं या गावात किती लेकरं आले, मले नाई मोजता येत. गाव मोजून घ्या न बाप्पा."

ही ओळ मला सुचली तेव्हा मी भाजी चिरत होते. विळी बाजूला सारून आधी ती लिहून ठेवली. एवढी खात्री मला माझ्या कुठल्याच वाक्याबद्दल कधी वाटली नव्हती.

त्यानंतर तीन गोष्टी झाल्या. आमच्याकडच्या एका लेखक मंडळात मी ती दाखवली. तिथल्या ज्येष्ठांनी आपुलकीनंच सांगितलं की संवाद वऱ्हाडीत राहू द्या, निवेदन प्रमाण मराठीत करा, म्हणजे गोष्ट सगळीकडे पोचेल. मग एका दिवाळी अंकाकडून ती साभार परत आली. सोबतच्या चिठ्ठीत, सौजन्यानं, 'भाषा आमच्या वाचकांना जड जाईल' असं लिहिलं होतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे पुण्यात एका कथावाचनाच्या कार्यक्रमात मी ती वाचली. पहिलं वाक्य संपायच्या आत सभागृह हसलं. खळखळून, मनापासून हसले लोक. पुढेही हसत राहिले. दाई आपल्या मेलेल्या लेकीबद्दल बोलते त्या जागेपर्यंत मी पोचले तेव्हा मागच्या रांगेत दोघंतिघं अजून हसण्याच्याच तयारीत बसलेले मला दिसत होते. नंतर एक बाई भेटायला आल्या, म्हणाल्या, "काय गोड भाषा आहे हो तुमची, किती मजा आली!" त्यांचा हेतू चांगलाच होता. मी परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये शेगावपर्यंत डोळे मिटून जागी होते.

घरी आल्यावर मी मंडळाचं ऐकून निवेदन बदलून पाहिलं. "माझ्या हातून या गावात किती मुले जन्मली, ते मला मोजता येणार नाही. गावच मोजून घ्या." व्याकरण बिनचूक आहे. पण ही दाई नाही. ही तिच्याबद्दलचा अहवाल कुणीतरी भरतंय. मी दिवसभर अहवालच भरते, त्यामुळे तो आवाज मला लगेच ओळखू येतो.

तेव्हापासून माझं लिहिणं थांबलं आहे. नवं वाक्य मनात येतं, आणि त्याच्या मागोमाग ते हसणं येतं. मग मी ते वाक्य प्रमाण भाषेत करते, ते मरतं, आणि मी वही मिटते. शिवाय आणखी एक शंका आता डोकं वर काढते. मी नोकरीच्या ठिकाणी, सभांमध्ये, मुलांच्या शाळेत प्रमाण मराठीच बोलते. माहेरचं बोलणं वेगळं, इथलं वेगळं. मग दाईचा हा आवाज माझा आहे का? की मीही तिची भाषा गोड आहे म्हणूनच उचलली?

'तुम्ही छान लिहिता, लिहीत राहा' असं कृपया कुणी लिहू नका. ते मला घरीही ऐकायला मिळतं आणि त्यानं काही हलत नाही. माझा प्रश्न असा आहे: आपला कान खरा की समोर बसलेल्या दोनशे माणसांचा, हे तुम्ही कसं ठरवता? लिहिणाऱ्यांनी, गाणाऱ्यांनी, नाटकवाल्यांनी, कुणीही सांगा. तुमच्या कामातलं उदाहरण दिलंत तर मला समजेल.

खिळेजुळारी यांचं उत्तर

ताई, मी लेखक नाही. पुण्यात छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवत होतो. ऑफसेट आल्यावर खिळे गेले, मी मुद्रितशोधक झालो आणि डोळे साथ देईनासे झाले तोवर तेच केलं. तेव्हा मी माझ्या टेबलावरून जे दिसलं तेवढंच सांगतो.

मुद्रितशोधकाच्या हाताला एक वळण पडलेलं असतं. 'मले' दिसलं की पेन आपोआप 'मला' करतं. त्यात लेखकाचा अपमान करायचा विचार नसतो, ती हाताची सवय असते. ही सवय दोनच गोष्टी थांबवू शकतात. लेखकाची स्पष्ट सूचना, आणि लेखनातला एकसारखेपणा. एका पानावर 'नाई', दुसऱ्यावर 'न्हाई', तिसऱ्यावर 'नाही' असं आलं की आम्ही समजतो, लेखकाचंच ठरलेलं नाही, आणि सगळीकडे 'नाही' करून मोकळे होतो. पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत 'नाई' म्हणजे 'नाई'च असेल, तर पेन उचलायची हिंमत होत नाही. तुम्ही शब्दांची एक यादी करा. तुमची दाई कुठला शब्द कसा उच्चारते, तो तुम्ही कसा लिहिणार, हे एका कागदावर ठरवून टाका आणि तो कागद हस्तलिखिताला जोडा. वर लिहा, 'या यादीप्रमाणे भाषा ठेवावी.' असा कागद जोडणारे लेखक मी फार थोडे पाहिले, आणि त्यांच्या पानांवर आम्ही सगळे जपून काम करायचो.

नियमांची भीती बाळगू नका. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनविषयक नियम आम्हाला पाठ होते. पात्राच्या तोंडची भाषा तिच्या उच्चाराप्रमाणे लिहायला त्या नियमांतच मुभा आहे. तुमची गोष्ट पहिल्या शब्दापासून पात्राच्या तोंडची आहे. मग अख्खी गोष्ट त्या मुभेत बसते, असं मी तरी मानेन.

आणि 'वाचकांना जड जाईल' याबद्दल. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर म्हणजे तेव्हा केवढं नाव! त्यांनी त्या प्रस्तावनेत उघड लिहिलं आहे की कवितांमधले कितीतरी शब्द आपल्याला कळले नाहीत आणि त्यांचे अर्थ ढसाळांनाच विचारून घेतले. तेंडुलकरांना अडलं म्हणून ढसाळांनी शब्द बदलले नाहीत, आणि तेंडुलकरांनीही ते बदला असं म्हटलं नाही. ते स्वतः उठून विचारायला गेले. ते पान मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ हातातलं काम बाजूला राहिलं होतं. वाचक एवढा चालू शकतो, ताई. त्याला उगाच अधू समजू नये.

तळकोकण यांचं उत्तर

ताई, मी हसण्याबद्दल बोलतो, कारण ते मला ठाऊक आहे. मी कुडाळचा. हौशी नाटकांना प्रकाशयोजना करतो. प्रकाशवाल्याला एक फायदा असतो, नाटक सगळ्यांनाच दिसतं, प्रेक्षक फक्त त्याला दिसतो.

आमच्या मालवणीचं काय झालं ते ऐका. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० मध्ये मच्छिंद्र कांबळींनी व्यावसायिक रंगभूमीवर आणलं. सुरुवातीला प्रयोग चालेनात. मग पु. ल. देशपांड्यांनी ते पाहिलं, पत्र लिहून तोंड भरून कौतुक केलं आणि तिथून पुढे पाच हजारांच्या वर प्रयोग झाले, लंडनपर्यंत गेलं. आमच्या भाषेला मुंबईच्या रंगमंचावर ताठ उभं केलं ते त्या नाटकानं, आणि आम्ही त्याचं ऋण विसरणार नाही. पण त्याची एक किंमतही आहे. मालवणी कानावर पडली की हसायचं, हे शहरी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलं. आज एखादा पोरगा गंभीर मालवणी एकांकिका घेऊन स्पर्धेला जातो, त्यातली आई मुलाच्या प्रेतासमोर बोलते, आणि कुठून तरी खसखस पिकतेच. वऱ्हाडीचंही तेच झालं असणार. लोकांनी तुमची दाई ऐकलीच नाही. आजवर ऐकलेले वऱ्हाडी विनोद त्यांच्या कानात आधीच वाजत होते.

यावर आम्ही शिकलेली गोष्ट सांगतो, पुढच्या वाचनाला करून बघा. पहिल्या वाक्याला हशा आला तर थांबू नका. थांबलात की प्रेक्षकाला पावती मिळते, हसायचीच जागा होती म्हणून. आवाज न चढवता, वर न बघता, सरळ पुढच्या वाक्यात शिरा. परकी बोली ऐकायला बसलेल्या माणसाचा कान जुळायला काही मिनिटं लागतात. ती मिनिटं लेखकानं त्याला काढून द्यायची. आम्ही पहिला प्रवेश मुद्दाम बिनमहत्त्वाच्या बोलण्यानं भरतो, पाणी, पाऊस, गाय कुठं गेली. तुम्ही वाचनापुरतं दाईचं एखादं साधं, लांबट वाक्य आधी घ्या आणि ही ओळ दुसऱ्या परिच्छेदात येऊ द्या. छापताना मात्र आहे तिथंच ठेवा.

आता एक गोष्ट तुम्हाला कदाचित आवडणार नाही. "गाव मोजून घ्या न बाप्पा" हे वाचून मीही हसलो. त्या बाईचा तोरा बघून हसलो. तिला स्वतःलाही ते बोलताना मजा आली असणार. सगळंच हसणं वैऱ्याचं नसतं, ताई. सभागृहातल्या त्या दोनशेपैकी कितीजण माझ्यासारखे हसले, हे तुम्हाला मंचावरून कळलं नसेल. दिवे डोळ्यावर असतात.

पानभर यांचं उत्तर

मी नाशिकची. एका छोट्या दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचून निवडायचं काम करते, मानधन नाही, आवड म्हणून. वरच्या दोघांशी मी बरीचशी सहमत आहे, पण मला वेगळीच शंका येते आहे आणि ती स्पष्ट विचारते.

आधी आमची बाजू. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे आणि लेखकांना वाटतं की अंकामागे मोठं कार्यालय असेल. बहुतेक ठिकाणी दोनतीन माणसं असतात. जुलै-ऑगस्टात कथांचा ढीग येतो, जाहिराती किती मिळाल्या त्यावर किती फॉर्मे छापायचे ते ठरतं, एक फॉर्मा सोळा पानांचा, आणि शेवटी जागा उरते चारपाच नव्या लेखकांपुरती. अशा वेळी 'भाषा जड जाईल' हे वाक्य कधी खरं असतं, कधी नकार लवकर संपवायला लिहिलेलं असतं. संपादकाला कथेत दुसरंच काही खटकलेलं असतं, पण ते नीट सांगायला अर्धा तास लागेल, म्हणून तो भाषेवर बोट ठेवतो. तेव्हा त्या चिठ्ठीवरून भाषेचा निकाल लावू नका. तशीच, गोष्ट निर्दोष आहे असंही समजू नका. बोली हे काही लेखकांचं चिलखत झालेलं मी पाहिलं आहे. कथेत काय कमी आहे हे सांगितलं की उत्तर येतं, तुम्हाला आमची भाषा कळली नाही.

तुमचं तसं आहे असं मी म्हणत नाही. मी कथा वाचलेली नाही. पण तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि मला एक जागा रिकामी दिसली. दाई ओट्यावर बसते, टाळूला हात लावते, आयांशी बोलते, मेलेल्या लेकीबद्दल बोलते. त्या उपकेंद्रात एक सिस्टर असणार. जिच्यामुळे दाईचं काम गेलं ती सिस्टर. दाई तिच्याबद्दल काय म्हणते? तुमच्या वर्णनात 'कुणी उठवतही नाही' एवढंच आहे. तो 'कुणी' कोण?

मला वाटतं, हा आवाज माझा आहे का, या तुमच्या शंकेचं मूळ तिथं असावं. दाईची भाषा तुम्हाला येते, रोज ऐकता. पण तिच्या नजरेनं स्वतःकडे बघणं अजून लिहायचं राहिलं असेल, तर ही शंका खरी आहे आणि तिचं ऐकायला हवं. सभागृहातलं हसणं हा वेगळा विषय आहे, त्याचा तुमच्या वहीशी संबंध नाही. मी स्वतः अशा दोन शंका वेगळ्या ठेवते. 'हे पान अजून झालेलं नाही' ही शंका कामाची, ती मला टेबलाशी बसवते. 'मी कोण लिहिणारी' ही शंका बहुतेक वेळा कुणीतरी दुसऱ्यानं आणून ठेवलेली असते, आणि ती टेबलावरून उठवते. दोन्ही एकाच वेळी येतात म्हणून गोंधळ होतो.

खानदेशी मास्तर यांचं उत्तर

पानभर मॅडमनी शेवटी जे लिहिलं त्याला जोडून थोडंसं. आमच्या जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करताना ओव्या सुचायच्या, मुलानं आणि एका नातलगानं त्यातल्या जमतील तेवढ्या उतरवून घेतल्या. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. त्यानंतर मुलानं, म्हणजे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, पण आईची वही त्यांनी संकोचानंच पुढे केली, असं सांगतात.

हा संकोच बहिणाबाईंचा नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गाणाऱ्या बाईला आपल्या बोलण्याबद्दल शंका असल्याचं कुठे दिसत नाही. संकोच शिकलेल्या मुलाला वाटला, कारण शहरात कविता कशी असते हे त्याला माहीत होतं.

मी वर्गात त्यांच्या कविता शिकवतो. माझी अर्धी मुलं घरी तीच लेवा बोली बोलतात. तरी पुस्तक उघडलं की तीच मुलं त्याच ओळी रेडिओवरच्या बातम्या दिल्यासारख्या वाचतात. मी पुस्तक मिटायला लावतो आणि म्हणतो, आजीला ऐकवायची आहे, म्हण. मग आवाज बदलतो. ताई, तुम्ही पुण्याच्या दोनशे माणसांना ऐकवलं. जिच्या भाषेत लिहिलं तिच्या वयाच्या बाईला ऐकवलं का?

घाटाखालची यांचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा उत्तर देते आहे, कारण आधी काही करून पाहायचं होतं.

मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं होतं. म्हणून लसीकरण सत्राच्या दिवशी, बाया पांगल्यावर, आमच्या आशाताईंना आणि सावलीला थांबलेल्या दोन म्हाताऱ्यांना मी गोष्ट वाचून दाखवली. पहिल्या ओळीला म्हाताऱ्या हसल्या. तळकोकण दादा, तुम्ही म्हणता तसं हसल्या. एकीनं मांडीवर थाप मारली आणि म्हणाली, "मंग! खोटं हाये का?" लेकीच्या जागी त्यांनी पदर तोंडाला लावला. मधे दोनदा त्यांनी मला अडवलंही. एक शब्द घाटावरचा होता, माझ्या माहेरचा. "असं आमी नाई म्हनत बाई," म्हणाल्या आणि बरोबर शब्द दिला. कुणीतरी माझी भाषा सुधारली आणि मला आनंद झाला, असं आजवर कधी घडलं नव्हतं.

पण वाचून झाल्यावर त्याच म्हातारीनं विचारलं, "अन् सिस्टर कुठी गेली व याच्यातली?" पानभर ताई, तुमचाच प्रश्न, जवळपास तुमच्याच शब्दांत. मी तिथं उभी होते, पांढरा कोट घालून.

तुम्ही बरोबर ओळखलंत. सिस्टर गोष्टीत होती, पण दारात पाठमोरी. दाईला मी तिच्याकडे बघूच दिलं नव्हतं. मी आल्यावर त्या गावातलं एक बाळंतपण दाईच्या हातून काढून गाडीत घातलं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. ते बरोबर होतं, बाईचा रक्तदाब वाढलेला होता, तिथं थांबलो असतो तर दोघंही गेले असते. तरी दाईनं हात धुऊन पदराला पुसले आणि मागं सरकली, ते मी पाहिलं होतं. ते लिहायचं तर दाईच्या तोंडून माझ्याबद्दल ऐकावं लागणार होतं. आता ते पान लिहिते आहे. रात्री बसते, आणि त्या पानावर असताना ते सभागृह आठवत नाही. दाई काय म्हणेल याचीच धास्ती असते. त्यातली एक जागा इथं देते:

"थे सुई चांगली टोचते, खोटं कायले बोलू. पन टोचल्यावर लेकरू कसं धरा लागते, थे नाई तिले माईत. एक डाव मी उठून धरलं. काई बोलली नाई थे. दुसऱ्या डावाले तिनं सोताच माह्याकडं लेकरू देलं."

हे घडलेलं नाही. मी तिच्याकडे बाळ कधी दिलं नव्हतं. गोष्टीत दिलं. आणि आता मागच्या सत्राला खरंच दिलं.

खिळेजुळारी काका, यादी करायला घेतली आहे, चांगलीच लांबते आहे. एका ठिकाणी अडलं आहे. आमच्याकडे 'ळ' चा 'य' होतो. डोये, आभाय, बायंतीन. हे वाचणाऱ्याला कळतं. पण 'काळी माती' ही 'काई माती' झाली की ती 'काहीतरी'मधली 'काई' वाटते, आणि 'काळ्या'चं 'काया' केलं की शरीर वाटतं. तिथं 'ळ' ठेवू का?

खिळेजुळारी यांचं उत्तर

'ळ' ठेवू नका. एका जागी ठेवलात की पुढे प्रत्येक जागी शोधक तुम्हाला विचारेल, इथं का नाही. विठ्ठल वाघांच्या 'तिफन' या वऱ्हाडी कवितेत माती 'काया'च आहे, आणि शाळकरी पोरांनाही ती शेतातलीच माती कळते. शेजारी माती, शेत, रात्र असं काही असलं की वाचणारा चुकत नाही. फक्त 'काई' दोन अर्थांनी येतं आहे, म्हणून 'काहीतरी' या अर्थाचा शब्द दाई आणखी कसा म्हणते ते त्या म्हाताऱ्यांना विचारा आणि तो यादीत वेगळा लिहा. यादी अकारविल्हे लावा, शोधणाऱ्याला सोपं जातं.

पानभर यांचं उत्तर

ते पान झालं की पूर्ण कथा मला पाठवा, इथं निरोपात पत्ता देते. घेऊच असं वचन देत नाही, पण नीट वाचेन, आणि परत केली तर कारण भाषेआड न लपवता लिहीन. जुलैअखेरपर्यंत आली तर बरं. यादी जोडायला विसरू नका.